लाल रेघेच्या अलीकडे

'शिकार' हा शब्द मथळ्यात घातला असता तर निम्म्या वाचकांनी पान उलटलं असतं, म्हणून घातला नाही. पण लपवण्यात तरी काय अर्थ आहे? वाचकहो, आम्ही हरणाच्या शिकारीला जातो. आम्ही म्हणजे आम्ही दोघं आणि आमची कन्या. आमच्यातला एक माण तालुक्यातला, म्हणजे पाणी टँकरमधून येतं अशी लहानपणी पक्की समजूत असलेला. दुसरी गुहागरकडची, भाताच्या चिखलात वाढलेली. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

विस्कॉन्सिनमध्ये राहायला आल्यावर नोव्हेंबरचा तिसरा आठवडा आला की ऑफिसातली निम्मी माणसं गायब का होतात, हे आम्हाला बरीच वर्षं कळलं नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथला बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि पाच लाखांहून जास्त माणसं भडक नारिंगी कपडे घालून रानात शिरतात. आपल्याकडे दिवाळीला मुंबईचा माणूस गावी जातो ना, तसं हे लोक 'डीअर कॅम्प'ला जातात. आम्ही मात्र त्या आठवड्यात घरी बसून फराळाचे उरलेसुरले डबे संपवत असू.

2023 साली आमची कन्या पंधरा वर्षांची होती. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मला शेजारच्या आजोबांकडून हंटिंग शिकायचंय." आमटीची वाटी जागच्या जागी राहिली.

शेजारचे आजोबा सत्तरी ओलांडलेले. चाळीस वर्षं एकाच दलदलीत हरणं शोधलेली. आता दोन्ही गुडघे बदललेले, त्यामुळे दलदल त्यांना बंद. दोन मुलगे आहेत, पण एक ॲरिझोनात आणि दुसऱ्याला आवड नाही. कुंपणाशी उभं राहून ते आमच्या मुलीला चाळीस वर्षांच्या गोष्टी सांगत होते आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

घरात आठ दिवस चर्चा झाली. गुहागरला फोन केला तर तिकडून पहिलं वाक्य आलं, "सोन्याच्या हरणामागे लागून काय झालं ते ठाऊक आहे ना?" त्यावर उत्तर नव्हतं. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, आणि तो असायलाच हवा, असं मानणारे आम्ही. पण इथलं गणित निराळं आहे हेही हळूहळू समजलं. राज्याच्या या दक्षिण भागातून लांडगे कधीच गेले. मक्याची शेतं मात्र आहेत, त्यामुळे हरणं भरमसाट. आणि ज्या सार्वजनिक जमिनींवर आपण मुलांना पक्षी दाखवायला नेतो, त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा शिकाऱ्यांच्या खिशातून येतो. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. म्हणजे आम्ही इतकी वर्षं फुकटात बगळे बघत होतो.

शेवटी अटी घालून परवानगी दिली. बंदूक कुलपाच्या लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कपाटात, किल्ल्या आमच्यापैकी दोघांकडे एकेक. आणि पोरीला एकटीला पाठवायचं नाही. जायचं तर तिघांनी.

तिसरी अट आमच्याच अंगाशी आली. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचा परवाना हवा असेल तर सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. आम्ही दोघंही दोन-तीन वर्षांनी अडकलो. तेव्हा वर्गात एका बाकावर आमची कन्या, एका बाकावर आम्ही, आणि आजूबाजूला दहा-अकरा वर्षांची मुलं. चार नियम तिथे घोकून घेतले: बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजायचं, नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवायची, नेम कशावर आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे हे पक्कं ठाऊक हवं, आणि झाडायच्या क्षणापर्यंत बोट चापापासून दूर. एका चिमुरड्याने आमच्यापैकी एकाला "सर, तुमचं बोट आत आहे," म्हणून टोकलं तेव्हा कान लाल झाले. पण त्याचं बरोबर होतं.

जमीन ठरली ती आजोबांचीच: हॉरिकॉनची दलदल. मिलवॉकीहून गाडीने तासाभराच्या अंतरावर. साधारण 14 मैल लांब, 33,000 एकरांची. हिमनदीने खरवडून ठेवलेलं हे एक उथळ ताट, त्यातून रॉक नदी वाहते आणि त्यात डोक्यावरून जाईल एवढं पाणकणीस माजलेलं असतं. आपल्याकडच्या तळ्याकाठी उगवतं तेच हे, पण इथे मैलोन् मैल. उत्तरेकडचा मोठा भाग केंद्र सरकारच्या अभयारण्याचा, दक्षिणेकडचा साधारण तिसरा हिस्सा राज्याचा. दोन्हींचे नियम वेगळे, त्यामुळे आपण कुठे उभे आहोत हे कळणं ही पहिली तयारी.

या जागेचा इतिहास आम्ही नंतर वाचला. आधी वाचला असता तर एक बूट वाचला असता. 1846 साली इथे धरण बांधून तळं केलं. 1869 साली ते काढलं, तेव्हा दलदल परत आली. मग 1910 ते 1914च्या दरम्यान शेती करायची म्हणून चर खणून पाणी काढायचा प्रयत्न झाला. शेती काही पिकली नाही, उलट सुकलेल्या पीटच्या मातीला आगी लागल्या. 1927 साली राज्याने कायदा करून पाणी परत आणायचं ठरवलं, आणि 1941 साली उत्तरेकडे अभयारण्य झालं. आता पाणी आहे, पक्षी आहेत, सगळं आहे. पण ते चर कुठे गेले? कुठेच गेले नाहीत. काही अजून तिथेच आहेत, काठापर्यंत पाणकणीस वाढलेले.

ऑक्टोबर 2023. आम्ही तिघं पहिल्यांदा जागा बघायला गेलो. अंगात जीन्स, पायात गुडघ्याएवढे रबरी बूट, हातात फोन आणि डोक्यात उत्साह. अर्धा तास चालल्यावर पाणकणसाच्या रांगेपलीकडे काळी सपाट जमीन दिसली. वर सुकून पापुद्रा आलेला. आमच्यापैकी एकाला (कोण ते सांगत नाही, पण मिशा त्याला आहेत) ती माणदेशातल्या जमिनीसारखी वाटली. तो दोन पावलं टाकून मांड्यांपर्यंत खाली गेला.

पहिली गोष्ट तो काय करतो? जोर लावून पाय वर ओढतो. त्याने दुसरा पाय आणखी खाली जातो. काठावरून गुहागरची गर्जना आली, "अहो, ओढू नका! पाय हलवा आधी!" लावणीच्या चिखलात पोरांना शिकवतात ते हे: पाय सरळ वर ओढला की खाली पोकळी होते आणि चिखल घट्ट धरून ठेवतो. आधी पाऊल इकडेतिकडे फिरवून बाजूने पाणी आत जाऊ द्यायचं, टाच उचलायची, बोटं खाली करायची, मग हळूच काढायचं. आणि अंगाचा भार पसरायचा, म्हणजे चक्क पालथं पडायचं. मिशा चिखलात गेल्या. कन्येने जाकीट काढून एक बाही फेकली. वीस मिनिटांत माणूस बाहेर आला, उजवा बूट आला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर हा एक विनोदी किस्सा म्हणून आम्ही पार्टीत सांगत बसलो असतो. पण हवा पंचेचाळीस फॅरनहाइट होती, वारा होता आणि भिजलेली जीन्स सुती. गाडीपर्यंत यायला पाऊण तास लागला. शेवटची दहा मिनिटं तो बोलतच नव्हता, आणि एरवी त्याला गप्प बसवावं लागतं. गाडीची किल्ली हातात धरता येईना. कपडे आम्हीच उतरवले, सीटवरचं ब्लँकेट गुंडाळलं, हीटर लावला. मागच्या सीटवर कन्या रडत होती. "माझ्यामुळे झालं," एवढंच म्हणत होती.

त्या वर्षी हंगामात आम्ही दलदलीच्या काठावर रस्त्यापासून शंभर पावलांवर बसलो आणि खारी मोजल्या.

आजोबांना घडलेलं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. आत गेले आणि एक घडी घालून घालून फाटलेला नकाशा घेऊन आले. त्यावर गाडी लावायच्या जागेभोवती लाल पेन्सिलीने एक वेडीवाकडी रेघ काढलेली होती. म्हणाले, "या रेघेच्या पलीकडे मी कधी गोळी झाडली नाही. हरीण मारणं सोपं आहे. उजेड असताना ते गाडीपर्यंत आणता आलं पाहिजे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण ही रेघ माझी आहे. माझ्या पंचेचाळिसाव्या वर्षाची. तुमची तुम्हाला काढावी लागेल."

2024चं सबंध वर्ष आम्ही ती रेघ काढत होतो असं म्हटलं तरी चालेल.

मार्चमध्ये, गवत उगवायच्या आधी, हरणांच्या वाटा सगळ्यात स्पष्ट दिसतात. पाणकणीस आडवं झालेलं असतं आणि त्यातून एकेक फूट रुंदीच्या तुडवलेल्या गल्ल्या. हरणं दलदलीत राहतात म्हणजे पाण्यात झोपत नाहीत. मध्येच दोन-चार खोल्यांएवढे कोरडे उंचवटे असतात, त्यांवर बसतात. हंगामाच्या पहिल्या सकाळी गाड्यांची दारं वाजायला लागली की काठावरची हरणं या उंचवट्यांकडे पळतात. तेव्हा उंचवट्यावर जाऊन बसायचं नाही, तिथे जाणाऱ्या वाटेवर बसायचं, तेही वारा आपल्याकडून हरणाकडे जाणार नाही अशा बाजूला. म्हणून एकाच वाऱ्याची एकच जागा धरून चालत नाही. आम्ही पश्चिमेच्या वाऱ्यासाठी एक आणि दक्षिणेच्या वाऱ्यासाठी एक अशा दोन जागा शोधल्या.

वरून काढलेले फोटो मोठे छापून जेवणघराच्या भिंतीवर लावले. फोटोत एखादी गडद रेघ अगदी सरळ दिसली की समजायचं, हा माणसाने खणलेला चर. निसर्गाला सरळ रेघ येत नाही. विलोची आणि लाल काड्यांच्या डॉगवुडची झुडपं जिथे आहेत तिथे मुळांनी जमीन धरून ठेवलेली असते, पाय ठेवायला त्यातल्या त्यात बरी. पाणकणीस असेल तिथे काठीने बघून पाऊल टाकायचं. आणि उघडा काळा चिखल, वरून कितीही सुकलेला दिसो, त्याला लांबून नमस्कार. आम्ही प्रत्येकी एक पाच फुटी काठी केली, तिच्यावर गुडघा, मांडी आणि कंबर अशा तीन खुणा. काठी मांडीच्या खुणेपर्यंत गेली की परत फिरायचं, चर्चा नाही.

कपड्यांवर बराच पैसा गेला, तो मात्र सार्थकी लागला. सुती काही नाही, आतून-बाहेरून लोकर. छातीपर्यंतचे रबरी वेडर्स घेतले तर कमरेला पट्टा आवळून बांधायचाच, नाहीतर पडल्यावर आत पाणी भरतं आणि माणूस उठू शकत नाही. प्रत्येकाच्या पाठीवर प्लास्टिकच्या पिशवीत मोज्यांचा आणि कपड्यांचा कोरडा जोड, काडेपेटी, होकायंत्र, शिट्टी, वीस फूट दोर. फोन असतो, पण थंडीत बॅटरी पटकन उतरते. खायला गूळपोळी आणि शेंगदाण्याचे लाडू. चॉकलेटचे बार थंडीत दगड होतात, लाडू होत नाहीत.

बंदुकीच्या बाबतीत दलदलीची म्हणून खास एक गोष्ट आहे. घसरून पडलो आणि नळीच्या तोंडात चिखल गेला तर गोळी झाडताना नळी फुटू शकते. म्हणून तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, आणि पडलो की बंदूक रिकामी करून नळी तपासल्याशिवाय पुढे पाऊल नाही. दुसरं म्हणजे इथे सगळं सपाट. डोंगराच्या उताराला गोळी मातीत जाते. इथे ती हरणाला चुकली तर पाणकणसातून पार जाईल आणि पलीकडे कोण बसलंय ते दिसणार नाही. त्यासाठी झाडाला बांधायची हलकी शिडी-खुर्ची घेतली, म्हणजे नेम वरून खाली राहतो. राज्याच्या या जमिनीवर ती रोज संध्याकाळी काढून न्यावी लागते. शिडी चढताना बंदूक हातात नाही. रिकामी करून दोरीने नंतर वर ओढायची.

आता रेघ. सप्टेंबरच्या एका रविवारी आम्ही इंडियन ग्रोसरीतून कणकेच्या 20 पौंडी सहा पिशव्या आणल्या. प्रत्येकीला कचऱ्याच्या दोन-दोन काळ्या पिशव्या घातल्या आणि कन्येच्या लहानपणच्या प्लास्टिकच्या बर्फगाडीवर बांधल्या. 120 पौंड, म्हणजे आतडी काढलेल्या मादीच्या वजनाच्या जवळपास. दोन्ही जागांपासून गाडीपर्यंत ओढून बघितल्या. पश्चिमेच्या जागेपासून एक तास चाळीस मिनिटं. दक्षिणेच्या जागेपासून अडीच तास, आणि शेवटी तिघंही चिखलात बसलेलो. त्याही पुढे, चराच्या पलीकडे, मार्चमध्ये आम्हाला सगळ्यात सुंदर वाट सापडली होती. चरातून बर्फगाडी ओढता येईना. कनू आणावी तर इकडच्या चिखलातून ती आणायची कशी? तास गेला, अंधार पडायला लागला, आम्ही परत फिरलो. घरी आल्यावर कन्येने स्वतः लाल पेन घेतला आणि चराच्या अलीकडून रेघ ओढली. एक पिशवी भिजली होती, बाकीच्या कणकेच्या पोळ्या मार्चपर्यंत पुरल्या.

परवाना घेताना मादीसाठीची परवानगी 'सार्वजनिक जमीन' अशी निवडून घ्यावी लागते, नाहीतर ती तिथे चालत नाही. ही चूक आमच्या ओळखीच्या एकाने केली होती, म्हणून मुद्दाम सांगतो.

23 नोव्हेंबर 2024, हंगामाचा पहिला दिवस. पहाटे साडेचारला गाडीतून उतरलो. वारा पश्चिमेचा. कन्या शिडीवर, आमच्यापैकी एक तिच्या मागे, दुसरा खाली दोर धरून. सात वाजल्यानंतर लांब कुठेतरी बार झाले आणि थोड्या वेळाने चराच्या पलीकडे पाणकणीस हललं. नर होता. शिंगं आजोबांच्या बैठकीतल्या शिंगांएवढी. आमच्यापासून ऐंशी यार्डांवर, आडवा उभा. मागे उंच बांध, म्हणजे गोळी मातीत जाणार. कुठलाही नियम मोडत नव्हता.

कन्येने बंदूक उचलली. नेम धरला. आमच्यापैकी मागे बसलेल्याला तिच्या श्वासाची वाफ दिसत होती. तो काही बोलला नाही. बोलायचं नाही असंच ठरलं होतं. मिनिटभर, कदाचित जास्तच, ती तशीच. मग तिने नळी खाली केली. नर मान वळवून चालत गेला. दुपारी लाडू खाताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, चराच्या पलीकडे होता."

आम्ही तिला काही म्हणालो नाही. पण खरं सांगायचं तर तिच्याजागी आम्ही असतो तर झाडली असती, हे आमच्यापैकी एकाने रात्री कबूल केलं. दुसरीने त्याला उजव्या बुटाची आठवण करून दिली.

रविवारी, त्याच जागेवरून, साठ यार्डांवर एक मादी आली. रेघेच्या अलीकडे. एक गोळी. कन्या शिडीवरून उतरली, तिच्याजवळ जाऊन गुडघ्यावर बसली आणि बराच वेळ तिच्या मानेवर हात ठेवून होती. मग आजोबांनी शिकवलं होतं तसं पोट उघडून साफ केलं. हात थरथरत होते, पण सुरी तिने कुणाला दिली नाही. ओढत आणायला दोन तास दहा मिनिटं लागली. कणीक हलत नाही, हरणाचे पाय झुडपात अडकतात, हा हिशेब आमचा चुकला होता. त्याच संध्याकाळी नोंदणी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते.

विस्कॉन्सिनच्या हरणांमध्ये 2002 सालापासून सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग सापडतो आहे. माणसाला तो झाल्याचं आढळलेलं नाही, तरी दोष निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असा सल्ला आहे. म्हणून तपासणीसाठी नमुना दिला आणि निकाल येईपर्यंत सगळं मटण फ्रीझरमध्ये, वर कागद चिकटवून: 'हात लावू नये'. निकाल चांगला आला. या मांसाला चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे घाई केली की वातड होतं. माणदेशी काळ्या मसाल्यात, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात, मंद आचेवर तीन तास. आजोबांना डबा दिला. त्यांनी दोन ग्लास दूध पिऊन तो संपवला.

मग त्यांनी आमचा नकाशा मागितला. भिंतीवरून काढून नेला. चष्मा लावून बराच वेळ बघितला, आणि दक्षिणेच्या जागेजवळ बोट ठेवून म्हणाले, "इथे तुम्ही आशावादी आहात. अडीच तास कणकेचे. हरणाचे किती?" कन्येने तिथेच लाल रेघ दीडशे पावलं आत घेतली.

म्हणजे आता दक्षिणेच्या वाऱ्याला जागाच उरली नाही. विलोच्या झुडपांमागे एक कोरडी पट्टी फोटोत दिसते, पण तिच्या वाटेवर काठी कुठल्या खुणेपर्यंत जाते ते तिथे गेल्याशिवाय कळायचं नाही. सप्टेंबरमध्ये जाऊ. कणीक आणून ठेवली आहे.